चुकीच्या काजातली गुंडी

सरांना भेटायला बदलापूरला उतरलो तेव्हा माझ्या शर्टाची एक गुंडी मी मुद्दाम चुकीच्या काजात घातलेली होती. त्यामुळे शर्टाची एक बाजू खाली लोंबत होती आणि कॉलरचं एक टोक कानाकडे निघालं होतं. स्टेशनाबाहेरचा केळीवाला म्हणाला, "साहेब, बटन बघा." मी थँक्यू म्हणालो आणि गुंडी तशीच ठेवली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, गावाच्या नाक्यापर्यंत कळ काढली आणि मग न राहवून विचारलं, "भाऊ, वैनी माहेरी गेल्यात काय?" मी हो म्हणालो. वास्तविक बायको घरीच होती. निघताना तिनेही गुंडीबद्दल सांगितलं होतं, फक्त जरा वेगळ्या शब्दांत.

आदल्या दिवशी काकूंचा ऑफिसात फोन आला होता. काकू म्हणजे सरांच्या बायको. फोनवर त्या नेहमी एवढ्या मोठ्याने बोलत की तार नसती तरी चाललं असतं. त्या दिवशी मात्र आवाज खाली होता.

"अरे, एकदा येऊन जा. हे हल्ली कशालाच नाही म्हणत नाहीत."

दुसऱ्या कुठल्या बाईने ही तक्रार केली असती तर मी तिचं अभिनंदन केलं असतं. निम्म्या अंबरनाथच्या बायकांनी अशा नवऱ्याचा पत्ता मागितला असता. पण काकू पुढे म्हणाल्या, "परवा आमटीत मीठ मी विसरले. हे जेवले. काल मुद्दाम घातलं नाही. तरी जेवले. कशी झालीय विचारलं, तर म्हणाले छान."

मी रजा टाकली.

यात घाबरण्यासारखं काय होतं ते कळायला सर कोण होते ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर सुरुवात माझ्या चपलांपासून करावी लागते.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात बी.ए. करत होतो. करत होतो म्हणजे कॉलेज मला बी.ए. करायचा प्रयत्न करत होतं. सर समाजशास्त्र शिकवायचे. उंच, वाळकुडे, हातात बाराही महिने छत्री, आणि शर्टाची एक गुंडी कायम चुकलेली. आम्हाला वाटायचं, विद्वान माणूस आहे, लक्ष नसतं. एके दिवशी मी ट्युटोरियल द्यायला स्टाफरूममध्ये गेलो. सरांनी वही बाजूला ठेवली आणि माझ्या पायांकडे बघत बसले. माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात वडिलांची.

"हे मुद्दाम केलंस?"

"नाही सर. लाईट गेली होती."

"आणि ट्युटोरियल दुसऱ्याच विषयाचं आणलंयस, तेही मुद्दाम नाही?"

मी वहीवरचं नाव वाचलं. राज्यशास्त्र होतं.

"नाही सर."

"म्हणजे सगळं नैसर्गिक आहे," सर इतक्या आनंदाने म्हणाले की शेजारच्या इंग्रजीच्या बाईंनी वळून बघितलं. "रविवारी रिकामा आहेस का?"

असा मी संशोधनात आलो.

सरांचं संशोधन फार वर्षं चाललेलं होतं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात नाना ठिकाणांहून माणसं येऊन राहिली. कुणी फाळणीत सिंध सोडून निर्वासितांच्या कॅम्पात आलं, कुणी कारखान्याच्या नोकरीसाठी आलं, कुणाचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं म्हणून आलं. इथे येऊन ही माणसं स्वतःला कोण समजतात आणि त्यांचं बरं चाललंय का, एवढंच सरांना जाणून घ्यायचं होतं. मुंबईतल्या त्यांच्या पीएच.डी.च्या गाईडने त्यासाठी एक प्रश्नावली करून दिली होती. त्यात एक प्रश्न होता: आपण सुखी आहात काय? आणि पुढे चौकोन. खूप, बऱ्यापैकी, सांगता येत नाही.

"चहा घेणार का विचारल्यावर लोक 'नको, आत्ताच झाला' म्हणतात ना," सर म्हणायचे, "तसं या प्रश्नाला 'बऱ्यापैकी' म्हणतात. ते उत्तर नाही, ती रीतभात आहे." प्रश्नावलीचे सगळे गठ्ठे त्यांनी काकूंना दिले होते. काकू त्यावर साबुदाण्याच्या चिकवड्या वाळत घालायच्या.

सरांची रीत वेगळी होती. ते कुणाच्या घरी जाऊन काहीही विचारायचे नाहीत. ते चुकायचे.

उल्हासनगरला कॅम्पात एक सिंधी अम्मा होती. घरात पापडाचं काम, चार बायका लाटायला, आणि अम्मा खाटेवरून सगळ्यांवर लक्ष ठेवून. सर पहिल्यांदा मला घेऊन गेले, पाणी प्यायले आणि सहज म्हणाले, "अम्मा, आपकी सिंधी कढी में दही बहुत अच्छा लगता है."

चारही लाटणी थांबली.

"दही?" अम्मा म्हणाली. "किसने बोला दही? बेसन भूनते हैं, इमली डालते हैं. दही तुम्हारे में डालते होंगे."

तिथून जी अम्मा सुरू झाली, ती कढीवरून सासूवर, सासूवरून सिंधमधल्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर, आणि त्या खिडकीतून दिसणाऱ्या, घर सोडताना बंद करायचं राहून गेलेल्या फाटकावर आली. मग तिने आम्हाला कढी वाढली. पुढच्या खेपेला सर पुन्हा म्हणाले, दही. "फिर दही बोला," अम्माने कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, पण या वेळी वेगळ्या खोलीतून. नंतर नंतर आम्ही गल्लीत शिरलो की पोरं पुढे पळत जाऊन वर्दी द्यायची, "अम्मा, दहीवाला प्रोफेसर आया."

"तुम्ही कोण, असं कुणाला विचारू नये," सर परतताना म्हणायचे. "कुठल्या चुकीपाशी माणूस आपल्याला अडवतो ते बघावं. तिथे तो राहतो."

गुंडीचा उलगडा मला तेव्हा झाला. अनोळखी दारात उभं राहिलं की घरातली बाई आधी दचकते, मग संशयाने बघते, मग तिला गुंडी दिसते. "अहो, गुंडी चुकलीय तुमची," असं ती म्हणाली की अर्धं काम झालं. सांगून झाल्यावर ती दार लावून घेऊ शकत नाही.

मला वाटलं, हे तर आपल्याला जन्मतःच येतं. म्हणून एकदा सरांना न सांगता मी अंबरनाथच्या कारखान्याच्या वसाहतीत एकटाच गेलो. एक मोठे ऑफिसर बागेत गुलाबाला पाणी घालत होते. मी फाटकातून हाक मारली, "काय फोरमनसाहेब, आज पाणी घालायची ड्युटी का?" साहेबांनी मला अडवलं, पण सरांच्या सिद्धांतात बसेल असं नव्हे. त्यांनी पाण्याची नळी माझ्याकडे वळवली आणि वॉचमनला हाक मारली.

सरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "गुंडी आपल्या शर्टाची चुकवायची," म्हणाले, "दुसऱ्याच्या नाही." दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन त्या ऑफिसरांची माफी मागून आले, आणि जाताना गुलाबाला जास्वंद म्हणून आले. ऑफिसर पुढे त्यांचे दोस्त झाले. मला मात्र त्या फाटकात कधी कुणी घेतलं नाही.

सर कुणाच्या घरात कागद काढत नसत. बाहेर पडल्यावर रस्त्यातल्या एखाद्या मोरीच्या कठड्यावर बसायचं, आणि काय काय झालं ते मी सांगायचं. मी सांगताना ते अडवत राहायचे. "ती आधी हसली का आधी उठली?" "नवऱ्याला तिने 'हे' म्हटलं का नावाने?" आणि एका गोष्टीवर त्यांचा फार कटाक्ष होता. शिवी गाळायची नाही. मी पडलो सभ्य घरातला. आमच्याकडे वडील फार संतापले तर "अरसिक" म्हणायचे. मी सांगताना शिव्या वगळायचो आणि सर लगेच ओळखायचे. "इथे काहीतरी खाल्लंस तू. सांग. माणूस शिवी देतो तेव्हा तो पाहुण्याशी बोलत नसतो रे, घरच्याशी बोलत असतो. तेवढंच तर आपल्याला मिळालेलं असतं."

आणि ज्यांना चूक खुपतच नाही अशी माणसं? अशा घरातून निघाल्यावर सर गप्प असायचे. बदलापूर येईपर्यंत गप्प. तिथे पुन्हा जायचं, पुन्हा पुन्हा जायचं, हा त्यांचा दुसरा नियम होता.

अशी एक म्हातारी अंबरनाथला होती. बारवी धरणाच्या पाण्यात तिची वाडी गेली होती. मुलगा केमिकल कंपनीत, चाळीतली एक खोली, सून. म्हातारी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली असायची. मुलगा सांगायचा, "सर, आख्खी वाडी हिच्या तोंडाला भ्यायची. आवणाला बायका उभ्या राहिल्या की ही मागून एकेकीची लावणी उपटून परत लावायची. आता काय वाढलं ते खाते. माझ्या बायकोनं एकदा करपलेली भाकरी दिली, ती पण खाल्ली." आवण म्हणजे भाताची लावणी.

सरांनी काय काय करून बघितलं. "आजी, भात दिवाळीत लावतात ना?" "व्हय बाबा." "राब पावसात भाजतात ना?" राब म्हणजे भाताच्या वाफ्यावर पालापाचोळा घालून उन्हाळ्यात जाळतात तो. "व्हय बाबा, तसाच." एकदा तर सर म्हणाले की तांदूळ झाडाला लागतात. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लागत आसंल." त्या दिवशी ते कठड्यावर बसलेच नाहीत. मला म्हणाले, "तू जा घरी," आणि छत्री न उघडता पावसातून चालत गेले.

आणि मग माझ्या हातून जे झालं ते मी आजवर एवढ्या लोकांना सांगितलंय की आता डोळे मिटून सांगू शकतो. वर्गात दाखवायला म्हणून सरांनी मला बारवीकडच्या एका पाड्यावरून इरलं आणायला पाठवलं होतं. लावणी करताना बायका पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. येताना पाऊस आला. हातात इरलं असताना भिजायचं कशाला, असा विचार मी केला आणि ते टोपीसारखं डोक्यावर ठेवून ताठ चालत निघालो. सर म्हातारीच्या खोलीत बसलेले, तिथेच भेटायचं ठरलेलं. मी दारात शिरलो आणि इरल्यासकट चौकटीत अडकलो. ना पुढे, ना मागे. मागे चाळीतली पोरं हसायला लागली.

कोपऱ्यातून आवाज आला, "वाक."

सुनेच्या हातातली भाजी तशीच राहिली. मी वाकलो. म्हातारी उठून आली, इरलं माझ्या डोक्यावरून ओढून पाठीवर नीट बसवलं. म्हणाली, "इरला घेतला का वाकायचा. त्यो वाकल्या मान्साचा हाय." मग तिने सुनेपुढची मेथीची जुडी उचलली, सोडली, आणि त्या फरशीवर मला वाकवून एकेक काडी लावायला शिकवलं. तीन बोटांत धर. मागं सरक. मागं, येड्या, पुढं नाय. आवण करनारा कवा पुढं जात नाय. दुपारभर ती वाडीतली शेतं एकेक करून त्या फरशीवर मांडत गेली, कुणाचं खाचर कुठे, बांधावर आंबा कुणाचा. निघताना सरांकडे बोट करून मला म्हणाली, "ह्यो मास्तर येड्याचं सोंग करतो. तू खरा हायस."

पुढच्या खेपेला सून दारातच तक्रार घेऊन उभी होती. "काय करून ठेवलंत सर? आता दिवसभर माझ्या चुका काढतात." पण चहा तिने पहिल्यांदाच दुधाचा केला होता.

सरांचा प्रबंध पुरा झाला नाही. गाईडने सगळं वाचलं आणि विचारलं, यात मोजमाप कुठे आहे? सर म्हणाले, सुनेला विचारा. त्यानंतर पत्रव्यवहार थांबला. मला वाईट वाटलं, सरांना वाटलं की नाही ते त्यांनी कळू दिलं नाही. मी चिकटलो नोकरीला, लग्न झालं, जाणं कमी झालं. सर रिटायर झाले. अम्मा गेली, म्हातारी गेली, ते ऑफिसरही मुलाकडे दूर राहायला गेले. सरांना अडवणारी माणसं एकेक करून संपली. आणि आता काकूंनी आमटीत मीठ घालायचं सोडलं होतं.

मी जाऊन बसलो तेव्हा सर खिडकीशी खुर्चीत होते. स्वच्छ सदरा, सगळ्या गुंड्या जागच्या जागी.

"कसं काय सर?"

"छान."

माझ्या गुंडीकडे त्यांची नजर गेली असं मला वाटलं. पण ती तिथून तशीच पुढे खिडकीबाहेर गेली.

मी म्हणालो, "सर, काल उल्हासनगरला सिंधी कढी खाल्ली. दही घातलेली."

"हो. छान लागते."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या. भांडं घासल्याचा आवाज यायला लागला, आणि ते एकच भांडं बराच वेळ घासलं जात होतं.

मी आणखी काही चुका केल्या. सांगत नाही, फार केविलवाण्या होत्या. सर हो म्हणत गेले. शेवटी मी हात टेकले. काकू चहा घेऊन आल्या, बसल्या. नुसतं बसवेना म्हणून मी काकूंना ती इरल्याची गोष्ट सांगायला लागलो. त्यांनी ती आधी ऐकलेली होतीच. मलाही काही सिद्ध करायचं नव्हतं. माझी हुकमी गोष्ट, वर लिहिली तशीच सांगत गेलो: चौकटीत अडकलो, ती म्हणाली वाक, मी वाकलो, मग तिने मेथीची जुडी घेतली...

"शेपू."

काकूंच्या हातातली बशी कलंडली.

सर खिडकीबाहेरच बघत होते. "शेपू होता," ते म्हणाले. "वास सुटला होता खोलीभर. मेथी कुठून आणलीस?"

"मेथीच होती, सर."

"मी तिथे बसलो होतो. तू इरल्यात होतास. तुला काय दिसणार?" ते वळले. "आणि वाकलास कुठे? पडलास तू. बादलीवर. बादली सांडली म्हणून ती उठली, तांदूळ भिजतील म्हणून. तुझ्यासाठी नाही उठली."

"ती वाक म्हणाली आणि—"

"वाक नंतर. आधी शिवी." सरांचा आवाज चढला. "एवढी वर्षं सांगतोय, शिवी गाळू नकोस. तीच तर मुख्य आहे. तोपर्यंत आम्ही पाहुणे होतो रे. सारखं व्हय बाबा, व्हय बाबा. शिवी दिल्यावर तिचं घर सुरू झालं. ती गाळलीस तर उरलं काय? माकडाचा खेळ."

"कुठली शिवी?" काकूंनी विचारलं.

सरांनी ती शिवी दिली. पूर्ण, म्हातारीच्या हेलात, माझ्या आईवडिलांसकट. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मला कळलं नाही, आणि मी बघितलंही नाही.

जेवायला थांबलो. पहिल्या घासाला सरांनी ताट सरकवलं. "मीठ नाहीये यात."

"नाहीये," काकू म्हणाल्या, आणि सावकाश उठून मिठाची बरणी घेऊन आल्या.

निघताना दारापर्यंत काकू आल्या. हळूच म्हणाल्या, "मुद्दाम मेथी म्हणालास ना? हुशार आहेस." मला कुणी हुशार म्हणण्याचा प्रसंग क्वचित येतो, म्हणून मी मान हलवली. आतून सरांचा आवाज आला, "आणि ती गुंडी नीट कर. माझीच विद्या मला विकायला आणतो."

नंतर मी दर रविवारी जायला लागलो. सर काही पूर्वीसारखे झाले नाहीत. कधी दिवसच्या दिवस खिडकीबाहेर बघायचे. पण मी चपला काढत म्हणायचो, "मेथी," आणि बहुतेक वेळा आतून उत्तर यायचं. एकदा ते काकूंना पाठवून बाजारातून शेपूची जुडी आणवून बसले होते, पुरावा म्हणून. जुडीने काय सिद्ध होतं, असं मी विचारलं. त्यावर दुपार गेली.

ती मेथीच होती. मला अगदी स्पष्ट आठवतंय. वर लिहिताना मी मेथी लिहिलं, मग तिथे थोडा वेळ थांबलो. कान दिला. आता बदलापूरच्या त्या घरात दुसरे लोक राहतात, आणि मला वाटेल ती भाजी लिहायला मी मोकळा आहे.

शिवी मात्र गाळली आहे. सर असते तर हा कागद त्यांनी परत केला असता.